लेखांकन आज्ञावलीतील सुचालन व अंतर्गत साहाय्य

लेखांकन आज्ञावलीतील सुचालन म्हणजे व्यवसायाचे हिशेब ठेवणाऱ्या संगणक आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) वापरकर्त्याला एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे नेणारी व्यवस्था होय. मेनू, कळफलकावरील ठरावीक कळा, शोधपट्टी आणि अहवालातून मूळ नोंदीपर्यंत उतरण्याची सोय यांचा तिच्यात समावेश होतो. काम करता करता पडद्यावरच मिळणाऱ्या मार्गदर्शनाला अंतर्गत साहाय्य म्हणतात. रकान्याखालची सूचना, चूक झाल्यावर दिसणारा संदेश, एफ1 कळ दाबल्यावर उघडणारे पान आणि आज्ञावलीसोबत येणारी पुस्तिका ही त्याची रूपे आहेत.

या दोन गोष्टी वेगळ्या मानण्याची पद्धत असली तरी व्यवहारात त्या एकमेकींवर अवलंबून असतात. मेनूतील नावे कामाच्या ओळखीची असली की साहाय्याची गरज कमी भासते. नावे अनोळखी असली की उत्तम साहाय्यसुद्धा सापडत नाही, कारण ते शोधायला लागणारा शब्दच वापरकर्त्याजवळ नसतो. मराठी माध्यमातून वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्या वापरकर्त्याच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते.

लहान व्यवसायात हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाल्यावर नोंदणीकृत व्यापाऱ्याला ठरलेल्या तारखांना विवरणपत्रे भरावी लागतात. मासिक पद्धतीत विक्रीचे जीएसटीआर-1 पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत द्यावे लागते. उशीर झाल्यास विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज लागते. अशा वेळी हवा तो अहवाल सापडत नसेल, तर व्यापाऱ्याला आपल्याच हिशेबासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या जाणकाराची वाट पाहावी लागते.

वहीतील सुचालन

सुचालनाची गरज संगणकामुळे निर्माण झालेली नाही. हाताने लिहिलेल्या वह्यांमध्येही वाट दाखवणारी खूण होती. महाराष्ट्रातील उच्च माध्यमिक स्तरावर शिकवल्या जाणाऱ्या पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात रोजकीर्दीच्या नमुन्यात ‘खा. पा. क्र.’ असा एक अरुंद रकाना असतो. तो खाते पान क्रमांकाचा रकाना आहे. रोजकीर्दीतील नोंद खतावणीच्या कोणत्या पानावर गेली ते त्यात लिहितात. उलट खतावणीत ‘रो. पा. क्र.’ असा रकाना असून नोंद रोजकीर्दीच्या कोणत्या पानावरून आली ते तिथे कळते. विद्यार्थी हा रकाना परीक्षेत बहुधा कोराच सोडतात, आणि परीक्षकही त्याकडे फारसे पाहत नाहीत. प्रत्यक्षात दोन वह्यांमधला तो जाण्यायेण्याचा पूल आहे. तेरीज जुळली नाही की मुनीम याच क्रमांकांच्या आधारे उलट्या पावली मूळ नोंदीपर्यंत जात असे.

संगणकावर हे काम एका कळीने होते. टॅलीमध्ये ताळेबंदातील एखाद्या आकड्यावर एंटर दाबले की त्यामागचा गट उघडतो. पुन्हा एंटर दाबले की खाते, मग त्या खात्याचा महिनावार गोषवारा, मग महिन्यातील नोंदी आणि शेवटी प्रत्यक्ष प्रमाणक. एस्केप कळीने त्याच वाटेने परत येता येते. खाते पान क्रमांकाचाच हा विस्तार आहे. ज्याला वहीतला तो रकाना समजला आहे त्याला ही सोय वेगळी शिकवावी लागत नाही.

टॅलीतील वाटा

भारतातील लहान व्यवसायांत टॅली ही आज्ञावली इतकी रुजली आहे की ‘टॅली येते का?’ हा प्रश्न हिशेबनिसाच्या नोकरीसाठी सरसकट विचारला जातो. तिची सुरुवात 1986 मध्ये बंगळूर येथे झाली. श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. आपल्या हिशेबाला उपयोगी पडेल अशी आज्ञावली त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत गोएंका यांना ती तयार करायला सांगितले. भरत गोएंका यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पहिली आवृत्ती एमएस-डॉसवर चालणारी होती. त्या काळात माऊस सर्वत्र नव्हता, त्यामुळे सर्व कामे कळफलकावरून करण्याची रीत पडली आणि ती पुढे टिकली. एफ4 कॉन्ट्रा, एफ5 पेमेंट, एफ6 रिसीट, एफ7 जर्नल, एफ8 सेल्स, एफ9 परचेस हा क्रम सरावाच्या हिशेबनिसाच्या बोटांत बसलेला असतो. पडद्याकडे न पाहता तो नोंदी करू शकतो. नवशिक्याला मात्र या कळा पाठ कराव्या लागतात. अनेक लॅपटॉपवर एफ-कळा आवाज किंवा उजेड कमी-जास्त करण्यासाठी योजलेल्या असतात आणि सोबत एफएन कळ दाबल्याशिवाय टॅलीची आज्ञा पोहोचत नाही. आपण चुकीची कळ पाठ केली असे नवशिक्याला वाटते ते या ठिकाणी. आज्ञावलीच्या पुस्तिकेत ही अडचण शोधून सापडण्यासारखी नसते, कारण ती आज्ञावलीची नसून यंत्राची असते.

2009 मध्ये आलेल्या टॅली ईआरपी 9 मध्ये सोयी वाढल्या तशी मेनूची खोलीही वाढली. ग्राहकांकडून किती येणे आहे हे पाहण्यासाठी ‘गेटवे ऑफ टॅली’ या मुख्य पानावरून डिस्प्ले, स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, आउटस्टँडिंग्ज आणि रिसीव्हेबल्स अशा चार पायऱ्या उतराव्या लागत. येणे किती आहे हा प्रश्न व्यापारी रोज विचारतो, नफा-तोटा पत्रक वर्षातून दोन-चार वेळा पाहतो; तरी नफा-तोटा पत्रक पहिल्याच पानावर आणि येणे चार पायऱ्या खाली अशी ती रचना होती. लेखाशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात चूक काढता येत नाही. अंतिम खाती महत्त्वाची, म्हणून ती वर. पण मेनू शास्त्राच्या क्रमाने लावायचा की कामाच्या वारंवारतेने, या प्रश्नाचे उत्तर तिथे शास्त्राच्या बाजूने दिले गेले होते.

नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या टॅली प्राइममध्ये ही रचना बदलली. पडद्याच्या माथ्यावर कायम दिसणारी ‘गो टू’ ही पट्टी देण्यात आली. ऑल्ट व जी या कळा एकत्र दाबून अहवालाचे नाव टाइप करायला लागले की जुळणारी नावे खाली येतात. त्याहून उपयुक्त भाग असा, की एखादी नोंद अर्धवट असतानाही या मार्गाने दुसरा अहवाल पाहता येतो आणि परत आल्यावर ती नोंद जशीच्या तशी मिळते. पूर्वी ग्राहकाची जुनी बाकी पाहायची तर बिल अर्धवट टाकावे लागे किंवा आज्ञावली दुसऱ्यांदा उघडून ठेवावी लागे.

बदल करताना जुन्या वापरकर्त्यांचाही विचार झालेला दिसतो. मुख्य प्रमाणकांच्या कळा तशाच ठेवल्या गेल्या. तरी काही कळा हलल्या. क्रेडिट नोटसाठी पूर्वी कंट्रोल व एफ8 या कळा होत्या, आता ऑल्ट व एफ6 आहेत. डेबिट नोट कंट्रोल व एफ9 वरून ऑल्ट व एफ5 वर गेली. नवी मांडणी अधिक तर्कशुद्ध आहे असे म्हणता येईल, परंतु वर्षानुवर्षे एकाच कळीवर पडणारे बोट तर्क ऐकत नाही. अशा वेळी जुनी कळ दाबल्यावर ‘ही आज्ञा आता येथे आहे’ एवढी एक ओळ पडद्यावर आली तर बदल पुष्कळ सुसह्य होतो.

शब्दांची अडचण

टॅलीत मराठीसह अनेक भारतीय भाषांत पडद्यावरील मजकूर पाहण्याची आणि नोंदी करण्याची सोय आहे. तरीही शिकवणीवर्गांत आणि दुकानांत इंग्रजी पडदाच अधिक चालतो. याचे एक कारण सवयीचे असले तरी दुसरे भाषांतराच्या मुळाशी आहे.

मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकात लेजर म्हणजे खतावणी. खतावणी हे सर्व खात्यांचे पुस्तक. त्यात रोख खाते, बँक खाते, मजुरी खाते अशी स्वतंत्र खाती असतात. टॅलीत मात्र लेजर हा शब्द एकेका खात्यासाठी येतो. ‘क्रिएट लेजर’ याचा अर्थ नवीन खाते उघडा एवढाच आहे. शब्दशः भाषांतर करून ‘खतावणी तयार करा’ असे लिहिले तर बारावी उत्तीर्ण विद्यार्थी थबकतो, कारण खतावणी एकच असते आणि ती तर आधीच आहे. येथे ‘खाते उघडा’ हेच योग्य भाषांतर ठरते. शब्दकोश हाताशी असला तरी ते सुचत नाही. त्यासाठी पडद्यावर पुढे काय घडते ते पाहावे लागते.

‘नावे’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. जमा आणि नावे ही जोडी मराठी हिशेबात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. वहीत डाव्या-उजव्या बाजूच्या माथ्यावर ती आली की कोणाचाही घोटाळा होत नाही. पडद्यावर मात्र एका रकान्याच्या वर एकटा ‘नावे’ हा शब्द आला की तो ‘नाव’ या शब्दाचे अनेकवचन वाटू शकतो आणि वापरकर्ता तिथे ग्राहकाचे नाव लिहू पाहतो. ‘नावे रक्कम’ आणि ‘जमा रक्कम’ अशी पूर्ण शीर्षके दिली की ही अडचण उरत नाही.

कॉन्ट्रा हा शब्द भाषांतर न करता ठेवण्याकडे कल असतो. रोकड बँकेत भरली, बँकेतून काढली किंवा एका बँक खात्यातून दुसऱ्यात वळवली, एवढ्याच व्यवहारांसाठी टॅलीत हे प्रमाणक असते. मेनूत ‘कॉन्ट्रा’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘रोकड व बँक यांतील देवघेव’ असे लिहिले की वेगळ्या साहाय्य-पानाची गरज राहत नाही. प्रमाणक, धनको, ऋणको, घसारा हे शब्द पाठ्यपुस्तकामुळे विद्यार्थ्याला ठाऊक असतात. दुकानदार मात्र व्हाउचर, देणे, येणे, घसारा असे मिश्र बोलतो. दोघांसाठी एकच पडदा असल्याने शोधपट्टीला दोन्ही शब्द कळले पाहिजेत. ‘येणे’, ‘उधारी’, ‘ऋणको’ आणि ‘रिसीव्हेबल’ यांपैकी काहीही टाइप केले तरी तोच अहवाल पुढे यावा. ज्या शोधपट्टीला फक्त अहवालाचे अधिकृत नाव समजते ती ज्याला वाट आधीच माहीत आहे त्याच्याच उपयोगाची असते.

आंधळगावच्या व्यवसायाचे उदाहरण

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या विणकामासाठी ओळखले जाते. पूर्व विदर्भातील जंगलांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसरचे किडे वाढवले जातात, कोशांपासून सूत काढले जाते आणि विणकर हातमागावर त्याचे कापड विणतात. या व्यवसायात एक रीत सर्रास आढळते. व्यापारी सूत स्वतःचे देतो, विणकर ते विणून कापड परत करतो आणि त्याला विणण्याची मजुरी मिळते. सूत विणकराच्या घरी असले तरी मालकी व्यापाऱ्याचीच राहते.

वहीत यासाठी प्रत्येक विणकराचे एक पान पुरते: अमुक तारखेला इतके सूत दिले, अमुक तारखेला इतके कापड आले, इतकी मजुरी दिली. आज्ञावलीत हेच काम करायला निघालेला नवा हिशेबनीस बहुधा चुकतो. सूत बाहेर गेले म्हणून तो विक्रीचे बिल करतो आणि कापड आले म्हणून खरेदीची नोंद करतो. दोन्ही नोंदी जुळतात, तेरीजही जुळते. पण न झालेली विक्री कराच्या विवरणपत्रात जाऊन बसते आणि विणकराकडे असलेला माल साठ्यातून नाहीसा होतो. वस्तू व सेवा कर कायद्यात मजुरीकामासाठी पाठवलेला माल चलनावर पाठवण्याची आणि एका वर्षाच्या आत परत आणण्याची तरतूद कलम 143 मध्ये आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही ती विक्री नव्हे.

टॅलीत याची सोय आहे. ‘मटेरियल आउट’ आणि ‘मटेरियल इन’ अशी दोन प्रमाणके नेमकी याच कामासाठी आहेत, आणि माल कोणत्या कारागिराकडे किती पडून आहे तेही त्यातून कळते. परंतु ही प्रमाणके सुरुवातीला दिसत नाहीत. एफ11 दाबून कंपनीच्या सोयींच्या यादीत ‘जॉब ऑर्डर प्रोसेसिंग’ चालू करावे लागते. जो शोधतो त्याला ती मेनूत नसल्याने आज्ञावलीत ही सोयच नाही असे वाटते. मेनू आटोपशीर ठेवण्यासाठी नको असलेल्या सोयी झाकून ठेवणे योग्यच आहे, पण झाकलेल्या सोयीचा पत्ता कुठेतरी दिसायला हवा. शोधपट्टीत ‘मजुरी’ किंवा ‘जॉबवर्क’ टाइप केल्यावर ‘ही सोय सध्या बंद आहे, चालू करायची का?’ असे विचारले गेले तर विणकराच्या सुताची विक्री होऊन बसणार नाही.

साहाय्याची रूपे

साहाय्याचे पान एफ1 कळीवर असण्याची प्रथा 1980 च्या दशकात आयबीएमने ठरवलेल्या सामायिक नियमांमुळे रूढ झाली. त्याच काळात आयबीएममधील जॉन कॅरोल यांनी कार्यालयीन कर्मचारी नवी आज्ञावली कशी शिकतात याचे निरीक्षण केले. लोक पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाहीत, ते लगेच कामाला लागतात, अडतात आणि मग फक्त त्या अडचणीपुरते उत्तर शोधतात, असे त्यांना आढळले. त्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुस्तिका आखूड असावी, कामाभोवती रचलेली असावी आणि चुकीतून बाहेर कसे यावे हे तिने सांगावे असा आग्रह धरला. हिशेबाच्या बाबतीत यातील शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे.

ग्नूकॅश या मुक्त आज्ञावलीने हा भेद वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तिच्यासोबत दोन स्वतंत्र पुस्तिका येतात. एकीत मेनू व खिडक्यांची माहिती असते, तर दुसरीत दुहेरी नोंद पद्धतीपासून हिशेबाच्या कल्पना समजावलेल्या असतात. वापरकर्त्याला आज्ञावली येत नाही की लेखाशास्त्र येत नाही, हे दोन निराळे प्रश्न आहेत याची ती कबुली आहे. या पुस्तिका संगणकावर उतरवून ठेवता येत असल्याने जाळे नसतानाही उघडतात. टॅली प्राइमचे साहाय्य कंट्रोल व एफ1 या कळांनी संकेतस्थळावर उघडते. ते सतत अद्ययावत ठेवता येते हा त्याचा लाभ. परंतु जिथे वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसतो तिथे नेमक्या गरजेच्या वेळी ते मिळत नाही. निदान चुकांच्या संदेशांचे स्पष्टीकरण आज्ञावलीच्या आतच असणे श्रेयस्कर.

सर्वाधिक दुर्लक्षित साहाय्य म्हणजे रिकामा पडदा. टॅलीत अहवाल निवडलेल्या कालावधीपुरताच दिसतो. मार्चच्या नोंदी करून एप्रिलचा कालावधी लावलेला असेल तर अहवाल कोरा येतो आणि नवशिक्या आपल्या नोंदी पुसल्या गेल्या असे समजून त्या पुन्हा करतो. ऑल्ट व एफ2 दाबून कालावधी बदलला की त्या दिसतात, आणि आता दुप्पट दिसतात. कोऱ्या अहवालावर ‘या कालावधीत नोंदी नाहीत, शेवटची नोंद अमुक तारखेची आहे’ हे वाक्य असेल तर हा सगळा खटाटोप टळतो. शिकवणीवर्गांत वापरल्या जाणाऱ्या टॅलीच्या शैक्षणिक रूपात महिन्याची 1, 2 आणि 31 याच तारखांना नोंदी करता येतात. त्यामुळे तारीख व कालावधी यांचा खरा सराव तिथे होत नाही, हेही या चुकीचे एक कारण मानता येईल.

मुंबईतील प्रयत्न

महाराष्ट्रात या विषयावर झालेले उल्लेखनीय काम म्हणजे ईआरपीनेक्स्ट. ऋषभ मेहता यांनी 2008 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेने, जी आता फ्रापे या नावाने ओळखली जाते, ही आज्ञावली विकसित केली. तिचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला आहे. तिच्या माथ्यावरील शोधपट्टीला ‘ऑसमबार’ असे नाव आहे. त्यात अहवालाचे किंवा ग्राहकाचे नाव लिहिता येते आणि ‘नवीन विक्री बीजक’ यासारखी आज्ञा इंग्रजीत टाइप करून थेट कोरे बीजकही उघडता येते. म्हणजे शोध आणि आज्ञा एकाच ठिकाणी आल्या आहेत.

मूळ संकेत खुला असल्याने भाषांतरात स्वयंसेवकांना भाग घेता येतो, मराठीतही. अशा भाषांतराचा धोका असा, की मजकूर सुट्या शब्दांच्या यादीतून येतो आणि भाषांतरकाराला तो शब्द कोणत्या पडद्यावर आहे ते दिसत नाही. ‘पोस्ट’ म्हणजे टपाल की खतावणी करणे, ‘बॅलन्स’ म्हणजे शिल्लक की तोल, हे यादीवरून ठरत नाही. म्हणून प्रत्येक शब्दासोबत तो जिथे येतो त्या पडद्याचे चित्र किंवा एक ओळीची टीप देण्याची पद्धत भाषांतर प्रकल्पांत उपयोगी ठरते.

पारख

सुचालन सुधारले की नाही हे आज्ञावली लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला सर्व वाटा पाठ असतात. अमेरिकेतील इंट्युइट या कंपनीने सुरुवातीच्या काळातच ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या घरी जाऊन, तो आज्ञावली पहिल्यांदा कशी वापरतो हे मागे उभे राहून पाहण्याची रीत पाडली. मदत करायची नाही, फक्त पाहायचे, हा त्यातला कठीण भाग. मेनूची नावे तपासण्याची दुसरी पद्धत कार्डांची आहे. प्रत्येक कामाचे नाव एका कार्डावर लिहून ती वापरकर्त्यांना गट्ठ्यांत लावायला सांगतात. आंधळगावातील हिशेबनीस ‘विणकराची मजुरी’, ‘दिलेले सूत’ आणि ‘आलेले कापड’ ही तीन कार्डे जवळजवळ ठेवील, कारण त्याच्या वहीत ती एकाच पानावर आहेत. बऱ्याच आज्ञावल्यांत मात्र पहिले खर्चात आणि उरलेली दोन साठ्यात असतात.

चूक दुरुस्त करण्याच्या वाटेचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना अशीच लेखांकन आज्ञावली वापरावी लागते, जिच्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. हा नियम कंपनी कायद्याखालील कंपन्यांपुरता आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारी संस्थेला तो लागू नाही. त्या नियमानुसार केलेल्या आज्ञावलीत चुकीची नोंद बदलली किंवा पुसली तरी तिचा माग राहतो. म्हणून नोंद पुसणे, रद्द करणे आणि उलट नोंद करून दुरुस्त करणे यांतील फरक ती कळ दाबण्यापूर्वी पडद्यावर सांगितला जाणे आवश्यक ठरते. टॅलीत ऑल्ट व डी या कळांनी प्रमाणक पुसले जाते, तर ऑल्ट व एक्स या कळांनी ते रद्द होते, पण त्याचा क्रमांक मालिकेत कायम राहतो. बीजकांचे क्रमांक सलग असणे कराच्या दृष्टीने आवश्यक असल्यामुळे ग्राहकाला दिले गेलेले बीजक पुसू नये, रद्द करावे किंवा क्रेडिट नोटने दुरुस्त करावे.